कर्ज फिटते, पारणे राहते

1

मराठीत ‘फिटणे’ या क्रियापदाचा संसार मोठा आहे. अंधार फिटतो, भ्रांत फिटते, डोळ्यांचे पारणे फिटते, हौस फिटते आणि कर्जही फिटते. या सगळ्यांत काहीतरी सुटण्याचा, मोकळे होण्याचा अर्थ आहे. गंमत अशी, की कर्ज फिटणे आणि हौस फिटणे ही खिशाच्या दृष्टीने दोन उलट टोके. एकात पोटाला चिमटा घ्यायचा, दुसऱ्यात हात सैल सोडायचा. भाषेने मात्र दोन्हींना एकाच क्रियापदाखाली बसवले. पहिले झाले की दुसरे आपोआप होईल, असा बहुधा तिचा समज असावा.

तसे होत नाही, हे मला गेल्या वर्षी कळले. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला. 17 वर्षे गहाण पडलेली कागदपत्रे घरी आली. पत्नीने ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले. मे महिन्यात आम्ही दोघे मंडईत आंब्याच्या गाळ्यासमोर उभे होतो. इतकी वर्षे आम्ही हंगाम सरत आल्यावर, भाव उतरल्यावर, डझन-दीड डझन आंबे घेत असू. या खेपेला पेटी घ्यायची, असे ठरवून गेलो होतो. पैसे होते. मी दोनदा भाव विचारला, मनात हिशेब केला आणि ‘पुढच्या आठवड्यात उतरेल’ असे म्हणून पाय काढला. पत्नी म्हणाली, “अहो, आता कोणाला विचारायचंय?” मला उत्तर सुचले नाही.

प्रसंग किरकोळ आहे. पण वाचनाची सवय असलेला माणूस अशा वेळी पुस्तकांकडे वळतो, तसा मीही वळलो. हे कोणी लिहून ठेवले आहे का? कर्जात बुडण्याच्या कथांना तोटा नाही. कर्ज फेडण्याच्या कथाही सापडतात. पण फेड झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस बाजारात कसा उभा राहतो, हे फार थोड्या लेखकांनी पाहिले आहे. ज्यांनी पाहिले, त्यांतल्या तीन कृती या लेखात घेतल्या आहेत: एक फ्रेंच कथा, एक इंग्रजी कादंबरी आणि एक हिंदी कथा. तिन्ही परिचित आहेत. परिचित असल्यामुळेच त्यांचा हा भाग वाचायचा राहून गेला असावा.

2

आधी आपल्याकडे पाहू. मराठी मनात कर्जमुक्तीचे जे चित्र आहे, त्याच्या मध्यभागी माणूस नसून कागद आहे. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या ‘दख्खनच्या दंग्यां’चा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्याकडच्या रोख्यांवर आणि खतांवर होता. कागद हाती आले की त्यांची होळी होई. त्याच्याही दोन शतके आधीची तुकोबांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. घरात महाजनकी होती. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. एका ठिकाणी कागद जळतो, दुसऱ्या ठिकाणी बुडतो. आजच्या काळात तो ‘कोरा’ होतो. 2008 ची केंद्राची कर्जमाफी, राज्याच्या 2017 आणि 2019 च्या योजना, या सगळ्यांच्या मागेपुढे ‘सातबारा कोरा’ हीच घोषणा होती.

कागद नाहीसा झाला की कर्ज संपते, हे कायद्याच्या दृष्टीने खरेच. पण सातबारा कोरा होतो तसा माणूस कोरा होत नाही. तुकोबांच्या कथेत खते बुडाल्यावर पैशाचा विषयच संपतो. तिथे खर्च करायला पुन्हा शिकण्याचा प्रश्न येत नाही, कारण नायक त्या व्यवहारातूनच उठून जातो. ‘श्यामची आई’त (1935) कर्ज घराची अब्रू चव्हाट्यावर आणते, आणि त्या छायेतच आई जाते. म्हणजे आपल्याकडे विरक्ती आहे, शोक आहे, संतापही आहे. कर्ज उतरल्यावर संसारातच राहणाऱ्या माणसाची गोष्ट विरळा. उपवासाबाबत आपण अधिक शहाणे आहोत. एकादशीला द्वादशी दिलेली आहे. पारणे कधी करायचे, कसे करायचे, याचे नियम आहेत. दीर्घ उपवासानंतर एकदम पोटभर जेवू नये, हे घरातली म्हातारी माणसे सांगतात. कर्जाच्या एकादशीला मात्र द्वादशी कोणी सांगितलेली नाही.

3

मोपासाँची ‘ला पारूर’ ही कथा 1884 च्या फेब्रुवारीत ‘ल गोल्वा’ या पॅरिसच्या दैनिकात आली. ‘द नेकलेस’ या नावाने ती आपल्याकडे शालेय पाठ्यपुस्तकांतून पोचली आणि तिथेच तिचे तात्पर्यही ठरून गेले: हाव वाईट. कारकुनाची बायको मातिल्द एका समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांचा हार मागून आणते, तो हरवतो, नवरा-बायको 36,000 फ्रँकचा तसाच हार विकत घेऊन गुपचूप परत करतात, दहा वर्षे कर्ज फेडतात आणि शेवटी कळते की मूळ हार खोटा, फार तर 500 फ्रँकचा होता. शेवटच्या वाक्याचा धक्का इतका जोरदार आहे, की वाचक त्याच्या अलीकडची दोन पाने विसरतो. मला ती दोन पाने महत्त्वाची वाटतात.

36,000 पैकी 18,000 नवऱ्याला वडिलांकडून मिळालेले होते. उरलेले 18,000 त्याने इकडून हजार, तिकडून पाचशे असे उभे केले, सावकारांच्या कागदांवर सह्या केल्या. मोलकरीण गेली, घर बदलले, छपराखालची खोली आली. मातिल्द भांडी घासते, पाणी वाहते, बाजारात एकेका सूसाठी घासाघीस करते. नवरा संध्याकाळी एका व्यापाऱ्याचे हिशेब लिहितो आणि रात्री पानाला पाच सू या दराने नकला करतो. दहा वर्षांनी सगळे फिटते, चक्रवाढ व्याजासकट.

पुढे काय होते? मोपासाँ फार थोडे सांगतो, आणि जे सांगतो ते नेमके आहे. मातिल्द म्हातारी दिसू लागली आहे. हात लाल झाले आहेत. आवाज मोठा झाला आहे. नवरा कचेरीत गेला की ती कधीमधी खिडकीत बसून त्या एका रात्रीची आठवण काढते. मग एका रविवारी ती आठवड्याच्या कामांचा शीण घालवायला शाँझेलिझेवर फिरायला जाते. ‘आठवड्याच्या कामांचा शीण’ हे शब्द पाहण्यासारखे आहेत. कर्ज फिटले, पण कामे चालूच आहेत. मोलकरीण परत आल्याचा उल्लेख नाही, नव्या कपड्याचा नाही, एखाद्या कप कॉफीचाही नाही. कर्जमुक्तीनंतरची तिची एकच चैन कथेत दिसते, आणि ती फुकट आहे. ज्या मातिल्दला कथेच्या सुरुवातीला 400 फ्रँकच्या पोशाखाशिवाय बाहेर पडता येत नव्हते, ती आता पैसा न लागणाऱ्या सुखापाशी थांबली आहे.

पण तिथेच एक गोष्ट घडते. मैत्रीण समोर येते; अजून तरुण, अजून सुंदर. मातिल्दला प्रश्न पडतो, हिच्याशी बोलावे का? आणि तिचे तिलाच उत्तर मिळते: बोलायचेच, आता सगळे देऊन झाले आहे, मग सांगायला काय हरकत आहे? दहा वर्षे दडवलेली गोष्ट ती भर रस्त्यात सांगून टाकते, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमानाचे भाबडे हसू आहे. कर्ज फिटल्यावर मातिल्दला सर्वांत आधी जे परत मिळते ते धन नव्हे, वाचा.

शेवटच्या वाक्यानंतर कथा थांबते. खरे तर त्या वाक्यात एक व्यावहारिक शक्यता आहे. मैत्रिणीकडे खरा हार आहे; ती प्रामाणिक असेल, तर मोठी रक्कम मातिल्दकडे परत येऊ शकते. वर्गात मुले हा प्रश्न हमखास विचारतात आणि आपण तो हसण्यावारी नेतो. पण तो बरोबर प्रश्न आहे. उद्या हे पैसे हातात आले, तर एकेका सूसाठी घासाघीस करणारा तो लाल हात ते खर्च करू शकेल का? मोपासाँने कथा या प्रश्नाच्या उंबऱ्यावर सोडली आहे.

4

तो उंबरा डिकन्सने ओलांडला. ‘लिटल डॉरिट’ ही कादंबरी डिसेंबर 1855 ते जून 1857 या काळात महिन्याच्या महिन्याला प्रसिद्ध झाली. तिच्या दोन भागांची नावे ‘दारिद्र्य’ आणि ‘श्रीमंती’ अशी आहेत. विषय लेखकाच्या घरातला होता. 1824 मध्ये डिकन्सच्या वडिलांना एका बेकरीवाल्याच्या 40 पौंड 10 शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी या कर्जदारांच्या तुरुंगात जावे लागले होते, आणि 12 वर्षांचा चार्ल्स बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबले चिकटवत होता.

कादंबरीतला विल्यम डॉरिट मार्शलसीत वीसहून अधिक वर्षे काढतो. तिथला तो ‘बाप’ होतो; भेटायला येणारे जाताना त्याच्या हातावर काही नाणी ठेवतात, आणि ती ‘मानाची भेट’ आहे असे सोंग सगळेच आणतात. मग एक वारसा उघडकीस येतो, सगळी देणी भागतात आणि डॉरिट एका रात्रीत श्रीमंत होतो. सुटताना तो कैद्यांना मेजवानी देतो. पंगत दुपारी बसते, स्वतः मात्र तो तिच्यात बसत नाही. त्याला हाताशी मदत करणाऱ्या आर्थर क्लेनमला वकिलामार्फत 24 पौंड 9 शिलिंग 8 पेन्स पाठवले जातात: मुद्दल अधिक शेकडा 5 दराने व्याज. सोबतच्या पत्रात आभार नाहीत. हिशेब पेन्सापर्यंत चोख आहे, आणि नात्याचा शेवट तितकाच कोरडा.

दुसऱ्या भागात डॉरिट कुटुंब आल्प्स ओलांडून व्हेनिस आणि रोमला जाते. डॉरिट भरपूर खर्च करतो. घोडे, नोकर, मुलींना रीतभात शिकवायला ठेवलेल्या मिसेस जनरल, तिच्यासाठी पॅरिसमध्ये घेतलेले दागिने. वरवर पाहता याला खर्च करायला शिकण्याची गरजच नाही. पण त्याच्या खर्चात सुख कुठेच नाही. प्रत्येक नोकर आपल्याकडे टक लावून पाहतो, याला सगळे ठाऊक आहे, असे त्याला वाटत राहते. तुरुंगात त्याच्यावर सावकारांची नजर होती; आता ती नजर वेटरच्या, गाडीवानाच्या डोळ्यांत जाऊन बसली आहे. आणि मार्शलसी हा शब्द घरात उच्चारायला बंदी आहे. धाकटी मुलगी एमी नुसती तिच्या जुन्या हळुवारपणे त्याच्याशी वागली, तरी तो चिडतो: मी हे सगळे पुसून टाकले आहे, तुला का जमत नाही?

जे बोलायचे नाही ते शेवटी रोममधल्या एका मेजवानीत बाहेर पडते. उमरावांच्या पंगतीत डॉरिट उठतो आणि जमलेल्या पाहुण्यांचे मार्शलसीत स्वागत करतो. त्यानंतर तो काही दिवसच जगतो. त्या दिवसांत त्याला ध्यास लागतो तो वस्तू गहाण टाकण्याचा. आधी घड्याळ, मग अंगठ्या आणि बाह्यांची बटणे, मग एकेक कपडा. ते सगळे कल्पनेतल्या गहाणवटीच्या दुकानात पाठवताना त्याला इतके समाधान मिळते, की कदाचित त्यावरच तो आणखी काही दिवस तगला, असे डिकन्स लिहितो. श्रीमंतीत केलेल्या एकाही खर्चाने जे दिले नाही, ते त्याला गहाणाने दिले. या कादंबरीतला याहून भयंकर प्रसंग मला आठवत नाही.

इथे डिकन्सशी माझा एक वाद आहे. वडिलांच्या सुटकेची बातमी कळते तेव्हा एमी क्लेनमला विचारते, बाबा जाण्यापूर्वी सगळी देणी फेडतील का? हो, म्हटल्यावर तिला वाईट वाटते. इतकी वर्षे गेली, इतके सोसले आणि वर पैसेही द्यायचे. आयुष्यानेही फेडायचे आणि पैशानेही, हे तिला कठोर वाटते. निवेदक तिचे हे बोलणे प्रेमाने, पण दोष म्हणून नोंदवतो: तुरुंगाच्या हवेचा तिच्या मनावर पडलेला हा एवढाच डाग. मला तो डाग वाटत नाही. संपूर्ण कादंबरीत कर्जाचा पुरा हिशेब मांडणारी ती एकटी आहे. सावकाराच्या वहीत मुद्दल आणि व्याज या दोनच बाबी असतात. न घेतलेल्या गोष्टी, न केलेले प्रवास, टाळलेले पाहुणे यांचा रकाना तिथे नसतो. डॉरिटने पहिला हिशेब पेन्सापर्यंत पुरा केला आणि दुसरा उघडायला नकार दिला. त्याची सगळी उधळपट्टी त्या नकारातून आली आहे. आणि एमी? तिने काहीच पुसलेले नाही, म्हणून क्लेनम कर्जापायी त्याच तुरुंगात येऊन पडतो, तेव्हा ती आपला जुना झिजलेला पोशाख घालून सहजपणे त्याच्याजवळ जाऊ शकते.

5

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ज्यांचे कर्ज फिटते त्यांच्या मनाची नाजूक दुखणी कसली मोजता? ज्यांचे कधी फिटतच नाही त्यांचे काय? या आक्षेपाला उत्तर म्हणून नव्हे, पण त्याच्यासमोर ठेवावी अशी कथा प्रेमचंदांची आहे: ‘सवा सेर गेहूं’.

शंकर या शेतकऱ्याच्या दारात साधू येतो. त्याच्यासाठी तो गावातल्या विप्राकडून सव्वा शेर गहू उसने आणतो. पुढे खळ्यावर विप्राला नेहमीपेक्षा जास्त धान्य घालून फेड झाली असे मनाशी धरतो, आणि तसे बोलून दाखवत नाही. सात वर्षांनी विप्र साडेपाच मण गव्हाचा हिशेब काढतो. 60 रुपयांचा कागद होतो. शंकर, जो आता शेतकऱ्याचा मजूर झाला आहे, वर्षभर तप करतो. दुपारचे खाणे बंद. चिलीम फेकून दिली, हुक्का फोडला. वर्षाअखेर 60 रुपये नेऊन देतो, तर व्याजाचे 15 उरलेलेच. ते त्याला गावात कोणी देत नाही, विप्राच्या धाकाने.

आणि इथे प्रेमचंद एक विलक्षण निरीक्षण नोंदवतात. शंकरचा संयम तुटतो. घरात खाण्याची वस्तू येते, चिलीम पुन्हा भरली जाते, अंगावर कपडा येतो. आता त्याला देण्याची फिकीर नाही. आपण ज्याच्या शोधात आहोत तो मोकळा हात या तीन कृतींत फक्त शंकरला लाभतो, आणि तो लाभतो सुटकेची आशा मेल्यावर. त्याची किंमत भयंकर आहे. तीन वर्षांत 15 चे 120 होतात, शंकर जन्मभर विप्राची वेठ करतो, आणि तो मेल्यावर विप्र त्याच्या मुलाची मान धरतो.

‘कर्ज असून खर्च करतात’ असे गरिबांबद्दल सहज बोलले जाते. ‘ऋण काढून सण’ ही आपली म्हणही त्यातलीच. प्रेमचंदांची कथा त्या बोलण्याला उलटे करून दाखवते: शंकरची चिलीम हे कर्जाचे कारण नाही, 60 रुपये देऊनही न मिळालेल्या सुटकेचा तो परिणाम आहे. आणि कथेच्या मुळाशी पुन्हा एक न बोललेले वाक्य आहे. खळ्यावर ‘हे तुमच्या गव्हाचे’ एवढे शंकर म्हणाला असता, तर? कदाचित विप्राने तेही नाकारले असते. पण सावकाराची सगळी सत्ता कर्जदाराच्या मौनावर उभी आहे, हे प्रेमचंदांना पक्के ठाऊक होते.

6

तिन्ही कृती शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. कर्जानंतर हात आखडतो त्याचे कारण काटकसरीची सवय, असे आपण म्हणतो. सवय वर्ष-सहा महिन्यांत मोडते. खरे कारण हे, की कर्जाच्या काळात आपला पैसा आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकतो. देणे भागल्यावर तो दुसरा निघून जातो, डोळे मात्र आपल्यापाशी ठेवून जातो. डॉरिटने त्या डोळ्यांना दिपवायचा प्रयत्न केला आणि तो हरला. शंकरने ते मिटून घेतले. मातिल्दने त्यांच्याकडे पाहून सांगितले, की आम्ही दहा वर्षे फेडत होतो, आणि आता संपले. तिघांत तीच एक मुक्तीच्या जवळ जाते. आपण मात्र तिला हावेचा धडा म्हणून मुलांना शिकवतो.

महाभारताच्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, सुखी कोण? उत्तरातले ‘अनृणी’, म्हणजे ऋण नसलेला, हे आपण नेहमी सांगतो, त्यावर कीर्तने होतात. पण उत्तर तेवढ्यावर थांबत नाही. जो ऋणात नाही, प्रवासात नाही आणि जो आपल्या घरी भाजी शिजवतो, तो सुखी. कधी शिजवतो यात पाठभेद आहेत; काही पाठांत पाचव्या किंवा सहाव्या दिवशी, काहींत दिवसाच्या आठव्या भागात, म्हणजे दिवस कलल्यावर. उशिरा शिजते, साधी भाजीच शिजते, यावर सगळे एकमत आहेत. उत्तर देणाऱ्याला नुसते कर्ज नसणे पुरेसे वाटले नाही. त्याने चूल पेटवली, भांड्यात काहीतरी घातले.

हा लेख लिहीत असताना एका संध्याकाळी मी आणि पत्नी बसलो, आणि 17 वर्षांत काय काय घेतले नाही, कुठे कुठे गेलो नाही, हे एकमेकांना सांगितले. भाचीच्या लग्नातला आहेर निघाला, राहिलेली काशी निघाली, मुलाची तबल्याची शिकवणी निघाली. काही गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या; तिने एकटीने सोडल्या होत्या. कागदावर आम्ही काही मांडले नाही. बराच वेळ बोलत होतो. यंदा आंब्याचा हंगाम लवकर आला. आम्ही अर्धी पेटी घेतली. भाव मी एकदाच विचारला.